शिडीची एकुलती एक बास्केट

दाढी करताना गिऱ्हाइकाला बोलू द्यायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. तोंड हललं की गाल हलतो, गाल हलला की वस्तरा चुकतो, आणि मग बसा तुरटी फिरवत. बाकीचे कारागीर गिऱ्हाइकाला दम देतात, "जरा गप्प बसा हो." आमचा मालक दम देत नसे. तो गोष्ट सांगायचा. कानशिलापासून सुरुवात करायची, गालावर रंग भरायचा, आणि वस्तरा गळ्यापाशी आला की नेमकं तिथेच थांबायचं. "आणि मग काय झालं असेल?" असं म्हणून. गिऱ्हाईक श्वास रोखून बसायचं आणि तेवढ्यात गळा साफ. तोंडावर आम्ही त्याला मालक म्हणायचो, पाठीमागे रेडिओ.

मी त्याच्या सलूनमध्ये दुसऱ्या खुर्चीवर. अर्धं आयुष्य त्या खुर्चीमागे उभं राहण्यात गेलं, गुडघे वाजतात आता. पण मला सांगायचंय ते रेडिओच्या पोरीचं. आमच्या गल्लीत अजून कोणालाही विचारा, कॉलेजचा कप कोणामुळे गेला, तर लोक सलूनकडे बोट करून सांगतील, "त्या शिडीमुळे. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून सांगतो. मध्ये बोलू नका, माझं डोकं लवकर फिरतं.

शिडी म्हणजे रेडिओची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेली, बापानं तिला सलूनमध्येच वाढवली. मागच्या खोलीत पडद्याआड पाणी तापवायचा स्टोव्ह, टॉवेल वाळत घालायची दोरी आणि तिथेच हिची पुस्तकं. बोलायची कमी. बापच इतका बोलायचा की घरात दुसऱ्या कोणाला बोलायला जागाच उरत नसे. उंची मात्र अशी वाढली की पडद्याची दांडी कपाळाला लागायला लागली. रेडिओ म्हणायचा, "हिचे केस कापायचे झाले तर मला स्टूल घ्यावं लागेल." पण तिचे केस कोणी कापत नव्हतं. वेणी पार कमरेखाली. दिवसभर लोकांचे केस झाडणाऱ्या माणसाच्या घरात एवढे लांब केस, ह्याचं त्याला भारी कौतुक.

तिला मैत्रीण एकच. सलूनच्या भिंतीला भिंत लागून एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या, त्यांची मुलगी. बुटकी, चपळ आणि तोंडानं फटकळ. कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची ती कॅप्टन, म्हणून आम्हीही तिला कॅप्टनच म्हणायचो. तिकडून भिंतीवर दोन थापा पडल्या की इकडून शिडी चप्पल पायात सरकवून निघालीच म्हणून समजा.

कॅप्टनचं सगळं ठरलेलं होतं. वीज कंपनीची स्वतःची मुलींची टीम होती, आणि कंपनीच्या साहेबांनी तिला तोंडभरून सांगितलं होतं, "कप आणा, दुसऱ्या दिवशी कामावर या." आईला सुईत दोरा ओवता येईना इतकी नजर गेली होती. कप कशासाठी हवाय हे तिला माहीत होतं, तिच्या आईला माहीत होतं, आणि भिंतीअलीकडच्या आम्हालाही माहीत होतं.

आणि शिडीला काय हवं होतं? कॅप्टन. बस. कॅप्टन जाईल तिकडे जायचं, तिची पिशवी उचलायची, ती हसली की हसायचं. मला कधीकधी वैताग यायचा. "अगं, तुझं स्वतःचं काही आहे की नाही?" म्हटलं की म्हणायची, "आहे ना काका, उंची."

त्या उंचीचा खेळात उपयोग शून्य. चेंडू अंगावर आला की ही डोळे मिटायची. कॅप्टन गल्लीत तिला शिकवायची, "डोळे उघड, गधडे!" म्हणून ओरडायची, आणि चेंडू थेट शिडीच्या नाकावर. शेवटी कॅप्टननं हात टेकले. त्यात परीक्षेत शिडीची दांडी उडाली. कॉलेजनं पटावरून तिचं नाव काढलं आणि ती घरी बसून टॉवेल धुवायला लागली.

अशात एक दिवस कॉलेजचे खेळाचे सर सलूनमध्ये आले. दाढीला नाही. दाढी ते घरीच करायचे, आणि ते दिसायचं. मोठी स्पर्धा त्या वर्षी आमच्याच शहरात होती. टीमच्या यादीत आठ मुली लागत होत्या आणि सरांकडे सातच. आठवी काही केल्या मिळेना.

"तुमची मुलगी द्या," ते रेडिओला म्हणाले. "खेळायचं काही नाही. नुसतं गणवेश घालून बाकावर बसायचं."

मी म्हटलं, "पण सर, तिचं नाव तर तुम्हीच काढलंय ना?"

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही खुर्चीच बोलली. "बाकावर बसणाऱ्याकडे कोण बघतंय?" म्हणाले. आणि मग रेडिओच्या खांद्यावर हात ठेवून, आवाज खाली आणून, "फक्त हे बाहेर बोलू नका."

रेडिओला सांगत होते, बाहेर बोलू नका! मला हसूच फुटलं. पण पडद्याआडून शिडी बाहेर आली होती, आणि तिचा चेहरा बघून हसू आवरलं. कॅप्टनच्या टीमचा गणवेश तिला मिळणार होता. तिच्या दृष्टीनं तिथेच सगळं जिंकून झालं होतं.

स्पर्धेत आमच्या कॉलेजला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. पहिल्या सामन्यात समोरच्या पोरींचे बूट कोरे करकरीत, आमच्या पोरींच्या बुटांना कॅप्टनच्या आईनं घातलेले टाके. तरी जिंकल्या. लोक म्हणाले, लागला मटका. दुसरा सामना जिंकल्या, तिसरा जिंकल्या, आणि मग लोकांची तोंडं बंद झाली. शहर नुसतं वेडं झालं हो. ज्यांना चेंडू चौकोनी असतो की गोल हे माहीत नव्हतं, ते दाढीला बसून मला डावपेच सांगायला लागले. रेडिओनं भर गर्दीच्या वेळी शटर ओढलं आणि म्हणाला, "चल, बघून येऊ." हॉलमध्ये बघतो तर शिडी बाकाच्या टोकाला, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले, मांडीवर पाण्याच्या बाटल्या. रेडिओ शेजारच्या अनोळखी माणसाला सांगतोय, "ती बाटल्या धरलेली आहे ना, ती माझी."

उपांत्य सामन्यात एकीचा घोटा गेला. अंतिम सामन्याच्या सकाळी एक तापानं फणफणली. उरल्या सहा, म्हणजे पाच खेळणाऱ्या आणि सहावी शिडी. सरांचा चेहरा पांढरा पडला होता. कॅप्टन मात्र म्हणाली, "पाच लागतात, पाच आहोत."

सामना काय झाला म्हणता! शेवटपर्यंत कोण पुढे, कोण मागे, काही सांगता येईना. आणि शेवट आला तेव्हा आमच्यातल्या एकीचा पाचवा फाऊल झाला. पाच फाऊल झाले की बाहेर, परत यायचं नाही. सरांनी बाकाकडे बघितलं. बाकावर शिडीशिवाय कोणी नव्हतंच. चार जणींनी खेळलं असतं तरी नियमात बसत होतं, हे मला फार पुढे कळलं. पण जिंकायच्या तोंडाशी आलेल्या माणसाला कुठला धीर? सरांनी हात केला आणि शिडी उठली. उठताना मांडीवरच्या बाटल्या गडगडत मैदानात गेल्या, सगळा हॉल हसला.

आम्ही एका गुणानं मागे होतो. चेंडू कॅप्टनकडे, आणि तिच्याभोवती तिघी. तिला ना पुढे जाता येई ना मागे. शिडी बास्केटखाली उभी, हात लोंबकळत, कोणी तिच्याजवळ फिरकतही नव्हतं. कॅप्टन ओरडली, "डोळे उघड, गधडे!" आणि चेंडू फेकला. शिडीनं डोळे उघडे ठेवले. मी शपथेवर सांगतो, ते डोळे मला लांबून दिसले. तिनं चेंडू धरला आणि शेल्फवर डबा ठेवावा तसा वर ठेवला. तो कडीवर फिरला, घुटमळला, आणि आत पडला. वेळ संपल्याचा भोंगा वाजला.

रेडिओ माझ्या गळ्यात पडून रडला. खाली कॅप्टन शिडीच्या कमरेला मिठी मारून नाचत होती. त्याहून वर तिचे हात पोचत नव्हते. आयुष्यात शिडी एवढी मोठ्यानं हसलेली मी एकदाच बघितली, ती तेव्हा.

आता रेडिओचं पुढे काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. अंगावर मूठभर मांस चढलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला बास्केटची गोष्ट. कानशिलाला बाटल्या गडगडायच्या, गालावर कॅप्टन अडकायची, आणि गळ्यापाशी चेंडू कडीवर फिरायचा. पण एक मानलं पाहिजे, नापास झाल्याचं, नाव काढल्याचं त्यानं कोणापुढे चकार शब्दानं काढलं नाही. मला वाटलं, चला, पोरीसाठी का होईना, बाबा सुधारला.

मग एक दिवस दुपारच्या सामसुमीत एक माणूस आला. सभ्य, मऊ आवाजाचा. दाढी झाली, गोष्ट झाली, तरी तो उठेना. म्हणाला, "डोक्याला तेल लावाल? कोमट करून." रेडिओनं स्वतः तेल कोमट केलं. तो माणूस डोळे मिटून बसला. बोलला काही नाही. नुसता "हं" म्हणायचा, आणि रेडिओ गप्प झाला की म्हणायचा, "डाव्या बाजूला अजून थोडं." बघा हं, रेडिओचीच विद्या त्यानं रेडिओवर चालवली. नेमकं तोंडाशी आल्यावर थांबायचं. शेवटी पुटपुटल्यासारखा म्हणाला, "मुलगी एवढी चांगली, आणि आधीच्या एकाही सामन्यात खेळवली नाही? सरांना तिची किंमतच नसणार."

लागलं की हो रेडिओला! मी खोकलो. परत खोकलो. त्याच्या पायावर पाय दिला. तो कशाला ऐकतोय? "किंमत नाही? अहो, नापास झाली, पटावरनं नाव काढलेलं, घरी बसलेली पोर! सर स्वतः इथे येऊन, हात जोडून घेऊन गेले तिला!" सर हात जोडून वगैरे काही आले नव्हते, पण रेडिओ तो रेडिओ.

तो माणूस उठला, आरशात भांग बघितला, "छान हात आहे तुमचा," म्हणाला आणि गेला. हरलेल्या कॉलेजचे खेळाचे सर होते ते.

पुढे चौकशी बसली. आमच्या सरांनी सरळ हात वर केले. मुलीनं नापास झाल्याचं लपवलं, मला काय माहीत, म्हणाले. सगळं खापर शिडीच्या डोक्यावर. कप गेला. ज्यांनी खांद्यावर घेऊन नाचवलं होतं त्याच लोकांनी पोरींना बघून रस्त्यात थुंकायला सुरुवात केली. वीज कंपनीच्या साहेबांनी कॅप्टनला दारातही घेतलं नाही. शिपायाकडून निरोप दिला, फसवाफसवी करणाऱ्यांना इथे जागा नाही. तिच्या आईनं परत सुई हातात घेतली आणि बोटात भोसकून घेतली.

त्याच आठवड्यात टीमच्या पोरी सलूनमध्ये घुसल्या. पुढे कॅप्टन. दोन्ही खुर्च्यांवर गिऱ्हाइकं, तोंडाला फेस. शिडी टॉवेल घेऊन पडद्यातून बाहेर येत होती.

"कोणाला सांगितलंस?" कॅप्टननं विचारलं.

"कोणालाच नाही."

"आम्हाला माहीत होतं, सरांना माहीत होतं आणि तुला. आमच्यातली कोणी स्वतःचा गळा कापेल का?" मग ती रेडिओकडे वळली. "काका, तुम्ही?"

मी रेडिओकडे बघत होतो. म्हटलं, आता बोल बाबा. आयुष्यभर बोललास, आता एकदा बोल.

"मी?" रेडिओ म्हणाला. "मी माझ्याच पोरीच्या पायावर धोंडा घालीन का?" आणि शिडीकडे वळून, हसत, हो, हसत म्हणाला, "सांगून टाक गं आता. मिरवली असशील शेखी कोणापुढे तरी. लहानपणापासनं तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

मला वाटलं माझ्या कानात काहीतरी बिघाड झाला. ज्या पोरीकडून होय-नाही काढायला चिमटा लागायचा, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही? शिडी बापाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो. मीच सांगितलं."

कॅप्टननं माझ्या फळीवरची मोठी कात्री उचलली. शिडीची वेणी मनगटाला गुंडाळली, तिला खाली ओढली, कारण एरवी हात पोचत नव्हता, आणि मानेपाशी कापली. जाड वेणी, एका फटक्यात तुटेना. कात्री करकरत राहिली. मी पुढे झालो तर शिडीच म्हणाली, "राहू दे काका." कॅप्टननं वेणी खाली पडलेल्या गिऱ्हाइकांच्या केसांत फेकली. "परत भिंतीच्या ह्या बाजूनं आवाजसुद्धा आला नाही पाहिजे," म्हणाली आणि गेली. रेडिओनं समोरच्या गालाची राहिलेली दाढी पूर्ण केली. केस शिडीनंच झाडले, स्वतःचेही.

संध्याकाळी मी रेडिओची कॉलर धरली. "जा आणि सांग पोरीला. त्या कॅप्टनला सांग." तो गयावया करायला लागला, "सांगतो रे, उद्या सांगतो. पण धंद्याचं काय? लोक माझ्या हातात गळा देतात. ज्याच्या पोटात गोष्ट राहत नाही त्याच्या हातात कोण गळा देईल?" तो उद्या काही उगवला नाही. शेवटी मीच शिडीला गाठली. म्हटलं, "पोरी, तुला एक सांगायचंय, त्या दिवशी तो माणूस..." तिनं मला पुढे बोलूच दिलं नाही. "काका, पाणी उकळून जाईल, तेवढं बघता का?" मी पुन्हा एकदा प्रयत्न केला, तेव्हाही तेच. मला वाटलं, तिला तो विषयच नको आहे.

शिडीनं केस परत वाढवले नाहीत. पुढे रेडिओचा हात थरथरायला लागला आणि ती पडदा सोडून पहिल्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. बाईमाणसाच्या हातात वस्तरा बघून सुरुवातीला लोक बिचकले. पण हात असा हलका की माणसं खुर्चीत झोपायला लागली. गोष्टबिष्ट काही नाही, काम मुकाट. गोष्टी सांगायला रेडिओ होताच, बाजूच्या स्टुलावर. आणि गोष्ट कोणती सांगायचा माहितीय? हीच. 'माझ्या पोरीनं कप कसा घालवला.' बाटल्या गडगडायच्या, चेंडू कडीवर फिरायचा, आणि शेवट, "पण हिच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ!" गिऱ्हाईक खो खो हसायचं. शिडी वस्तरा जरा वर उचलून धरायची, हसू थांबेपर्यंत, आणि मग पुढे दाढी करायची. रेडिओनं इतक्या वेळा ती सांगितली की मला वाटतं त्याला स्वतःलाही ती खरी वाटायला लागली असावी. लग्नाचं कोणी विचारायला आलं तरी हीच गोष्ट. तोंडात तीळ न भिजणारी सून कोणाला हवी? ते चहा पिऊन गेले.

आमचे ते सर? त्यांना बढती मिळाली. केस काळे करून घ्यायला माझ्याकडे येतात. मी थोडा रंग कपाळालाही लावतो, निघत नाही आठवडाभर.

कॅप्टन मोजे विणायच्या कारखान्यात लागली. लग्न झालं, नवरा टिकला नाही, पोराला घेऊन आईकडेच परत आली. म्हणजे भिंतीपलीकडे. पोराचे केस कापायला आमच्याकडेच यायची, दुसरं सलून लांब. पण माझ्याच खुर्चीवर. शिडीची खुर्ची रिकामी असली तरी ती वाट बघत बसायची, तोंड रस्त्याकडे करून. लहान पोरं खुर्चीत बुडतात म्हणून खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून त्यावर बसवतात. ती फळी शिडी आणायची. कॅप्टन रस्त्यापलीकडे दिसली की हिचं हातातलं काम थांबायचं, फळी पुसायची, माझ्या खुर्चीवर नीट ठेवायची आणि आपल्या जागी जाऊन उभी राहायची. कॅप्टननं कधी मान वळवून बघितलं नाही. शिडीनं कधी फळी पुसायची सोडली नाही. संध्याकाळी गिऱ्हाईक नसलं की शिडी त्या भिंतीला पाठ लावून बसायची, एवढंच मी बघितलंय.

मग एका सुट्टीच्या दिवशी सलून भरलेलं. माझ्या खुर्चीत फळीवर कॅप्टनचं पोर, अर्धं डोकं कापून झालेलं. कॅप्टन बाकड्यावर. पहिल्या खुर्चीत रेडिओ स्वतः, दाढीला. त्याची दाढी रोज शिडीच करायची. एक नवीन गिऱ्हाईक वाट बघत होतं, ते शिडीकडे बघून म्हणालं, "एवढी उंची! कधी खेळलाबिळलात की नाही?"

एरवी कॅप्टन बसलेली असताना रेडिओ ती गोष्ट काढत नसे, तेवढी लाज होती. पण तोंडाला फेस, डोळे मिटलेले, त्याला ती दिसलीच नाही. सुरू झाला. मी घसा खाकरला. माझं खाकरणं त्यानं आयुष्यात कधी ऐकलंय? बाटल्या गडगडल्या, चेंडू फिरला, लोक पुढे झुकले. शिडीचा वस्तरा त्याच्या एका गालावरून उतरून गळ्यापाशी आला होता. तिथे ती थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "त्या माणसानं तेल कोमट मागितलं होतं, ते सांगा ना."

रेडिओचे डोळे उघडले.

"तुम्ही गप्प झालात की तो म्हणायचा, डाव्या बाजूला अजून थोडं. ते का गाळता दर वेळी? मी तुमचा डबा घेऊन पडद्यामागे उभी होते. सगळं ऐकलं मी. हात जोडून घेऊन गेले, असं सांगत होतात तुम्ही त्याला."

माझ्या हातातली कात्री उघडीच राहिली. इतकी वर्षं! वेणीवर कात्री करकरत होती तेव्हाही हिला माहीत होतं. मी सांगायला गेलो तेव्हाही.

सगळे रेडिओकडे बघत होते. त्याचा अर्धा चेहरा साफ, अर्धा फेसाचा. आणि मग तो हसला. गिऱ्हाइकांकडे बघून डोळा मारला आणि म्हणाला, "बघा! मी सांगत नव्हतो? हिच्या तोंडात तीळ भिजत नाही!"

आणि लोक हसले हो. निम्म्यांना काही कळलं नव्हतं, पण रेडिओनं शेवट केला की हसायचं, ही त्यांची सवय.

कॅप्टन उठली. सरळ शिडीसमोर जाऊन उभी राहिली, मान वर करून. शिडीचे ओठ हलायला लागले होते. मला दिसत होतं, ती ह्याच क्षणाची वाट बघत इतकी वर्षं फळी पुसत आली होती.

"तुला माहीत होतं," कॅप्टन म्हणाली.

शिडीनं मान डोलावली.

"कात्री माझ्या हातात होती तेव्हा माहीत होतं."

"हो."

"त्या वेणीपायी मला रात्र रात्र झोप लागायची नाही. मी स्वतःला समजवायचे, तिनंच केलं, तिला शिक्षा हवीच होती. माझी नोकरी गेली, आई आंधळी झाली, ते एक वेळ सोड. पण मला तू हे करू दिलंस? बापाला वाचवायला मला कसाई केलंस?"

"मला वाटलं," शिडी म्हणाली, "कधीतरी तेच सांगतील."

"मग ऐकत बस त्यांचं." कॅप्टननं पोराला फळीवरून उचललं. पोर ओरडायला लागलं, अर्धं डोकं भादरलेलं, अर्धं झिपरं. ती त्याला तसंच काखेत मारून निघाली. दारात थांबली, पण बोलली ती मला. "काका, आता पोराला तिकडच्या सलूनमध्ये नेईन. लांब पडलं तरी चालेल."

शिडीनं वस्तरा पुसला, मिटला आणि रेडिओच्या थरथरत्या हातात दिला. "गळा राहिलाय," म्हणाली. "तुमचा तुम्ही करा." आणि पडद्यामागे गेली. रेडिओ माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नकोस, मालक. मला सुट्टी आहे." आणि माझी कात्री पेटीत टाकून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी मी आलो, शिडीही आली. पाणी तापवलं, टॉवेल धुतले. रेडिओची दाढी मात्र तिनं परत कधी केली नाही, मीही केली नाही. आता छातीपर्यंत आलीय ती, एका बाजूला जरा तोकडी. गिऱ्हाइकं विचारतात, "मालक, सलूनवाल्याला दाढी?" तर तो त्याचीही एक गोष्ट सांगतो, आणि माणसं हसतात.

फळीचं म्हणाल तर शिडी अजून ती सकाळी पुसते आणि माझ्या खुर्चीच्या हातांवर आडवी ठेवते. मोठं गिऱ्हाईक आलं की मी ती काढून बाजूला उभी करतो. ते गेलं की ती परत आणून ठेवते. मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, आता कोणी येत नाही!" तर म्हणाली, "काका, असू दे. तुमच्या मध्ये येते का?" मी म्हटलं, नाही.